दृश्यनिवड आणि निवेदकाची जागा

मागील घटकात आपण कादंबरीतील निवेदकाचा विचार केला. तोच प्रश्न आता चित्रपटाला विचारायचा आहे. ‘तो घरी आला’ आणि ‘तो घरी गेला’ ही दोन वाक्ये एकाच घटनेची असू शकतात. पहिल्या वाक्यातील सांगणारा घरात आहे, निदान मनाने तरी. दुसऱ्यातील घराबाहेर आहे. येथे क्रियापदच निवेदकाची जागा सांगून टाकते. ‘मुलगा धावला’ या वाक्यात मात्र ती लपून राहते. चित्रपटाला लपण्याची ही सोय नाही. मुलाचे धावणे दाखवायचे तर कॅमेरा कुठेतरी ठेवावाच लागतो: मुलाच्या मागे, पुढे, की गंमत बघत बसलेल्या लोकांच्या बाजूला. ही जागा निवडणे म्हणजेच कथेचा दृष्टिकोन निवडणे होय.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (2013) आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ‘फँड्री’ हा डुक्कर या अर्थाचा कैकाडी शब्द आहे. (कैकाडी ही द्राविडी कुळातील भाषा, एका मराठी चित्रपटाने आपले नाव तिच्यातून घ्यावे, हेही विचार करण्याजोगे आहे.) शाळकरी जब्याच्या कुटुंबाला गावातील डुकरे पकडावी लागतात आणि त्याच वेळी त्याच्या वर्गातील मुले, त्याला आवडणारी शालू, सारे गाव ते पाहत असते. जब्या भिंतीआड लपतो, गाव हसते. हा प्रसंग दिग्दर्शकाने लवकर आटोपलेला नाही. धावणारे, धडपडणारे कुटुंब आणि त्यांना पाहणारे गावकरी हे दोन्ही आपल्याला आलटून पालटून दिसत राहतात. त्यामुळे प्रेक्षक नकळत बघ्यांच्या रांगेत जाऊन बसतो आणि एखाद्या क्षणी हसतोही. मध्येच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते, कुटुंब जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर निसटते. पुढे पकडलेले डुक्कर खांद्यावर घेऊन जाताना मागे शाळेची भिंत दिसते. तिच्यावर डॉ. आंबेडकर, जोतीराव व सावित्रीबाई फुले, गाडगेबाबा यांची चित्रे आहेत. अशी भिंत वर्धा जिल्ह्यातील कोणत्याही गावी आढळेल. पात्रांपैकी कोणीही तिच्याविषयी एक शब्द बोलत नाही. ओझे आणि भिंत एकाच चौकटीत आणणे दिग्दर्शकाला पुरेसे वाटले आहे.

शेवटी चिडवणाऱ्यांवर जब्या दगड उगारतो. त्याने फेकलेला अखेरचा दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर इथे पुरुष बदलतो. तोवर ‘तो’ची, म्हणजे तृतीय पुरुषातील, असलेली कथा एकाएकी द्वितीय पुरुषात येते आणि प्रेक्षक ‘तू’ होतो. हाच दगड बाजूने दाखवला असता तर कथानक तेच राहिले असते, पण प्रेक्षक सुटला असता.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने (2014) नेमकी उलट वाट घेतली. त्यातील लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर, गाण्यातून एका सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप आहे. ही भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. कॅमेरा बहुतेक वेळ स्थिर आणि दूर असतो. आरोपीच्या चेहऱ्याजवळ जाऊन तो आपल्याला रडवत नाही. न्यायालयाला सुटी लागते तेव्हा दालन रिकामे होते, दिवे मालवले जातात आणि कॅमेरा अंधारातही तिथेच थांबतो. हे विशेषणे गाळलेले गद्य आहे. काहींना ते कोरडे वाटते. मला मात्र त्या कोरडेपणातच खटल्याची क्रूरता अधिक जाणवते, कारण कुठे पाहायचे हे आपल्याला कोणी सांगत नाही आणि तारखांमागून तारखा आपल्यालाही सोसाव्या लागतात.

स्वाध्याय: सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (2009) पाहावा. विदर्भातील कर्जबाजारी शेतकरी किसना आत्महत्या करील या भीतीने त्याची पत्नी लहान मुलाला त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगते. बाप व मुलगा दोघेही असलेला एक प्रसंग निवडा आणि आवाज बंद करून दोनदा पाहा. कॅमेरा किती उंचीवर आहे, तो कोणाच्या शेजारी उभा आहे आणि दृश्य कुठे तोडले आहे, हे टिपून घ्या. नंतर तोच प्रसंग दहा वाक्यांत दोनदा लिहा: एकदा मुलाच्या जागेवरून, एकदा बापाच्या. दोन्ही लेखनांत ‘येणे’ आणि ‘जाणे’ ही क्रियापदे कुठे बदलावी लागली, ते अधोरेखित करा.