एका ठिपक्यात बारा बिट

व्हॉयेजर-१ या अंतराळयानाने धाडलेला एक बिट १,८७५ किलोमीटर लांब असतो. हिशोब सोपा आहे. यान सेकंदाला १६० बिट पाठवते आणि रेडिओलहर सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावते. बिटचे शेपूट यानातून बाहेर पडेपर्यंत त्याचे तोंड १,८७५ किलोमीटर पुढे गेलेले असते. मुंबईहून दिल्लीला जाणारा राजधानी एक्सप्रेसचा मार्ग १,३८४ किलोमीटरचा आहे. म्हणजे शून्य की एक, एवढेच सांगणारी ही खूण मुंबईपासून दिल्ली ओलांडून बरीच पुढे पसरेल.

१९७७च्या ५ सप्टेंबरला निघालेले हे यान आज सुमारे २,५०० कोटी किलोमीटरवर आहे. तिथून निघालेला संदेश पृथ्वीवर यायला २३ तासांहून अधिक वेळ लागतो. या साऱ्या वाटेवर एका क्षणी साधारण १ कोटी ३३ लाख बिट प्रवासात असतात. आकडा मोठा वाटतो, पण तो भरतो जेमतेम १.७ मेगाबाइट. आजच्या मोबाइलवर काढलेला एक बरा फोटो याहून मोठा असतो. सूर्यमालेपलीकडून पृथ्वीपर्यंतच्या संपूर्ण पोकळीत एवढीच माहिती मावलेली आहे.

आता हातातला फोन घ्या. फाइव्ह-जीच्या ३.५ गिगाहर्ट्झ पट्ट्यात टॉवर फोनशी ‘सिम्बॉल’च्या हप्त्यांनी बोलतो. एक सिम्बॉल सेकंदाच्या सुमारे तीस हजाराव्या भागाएवढा टिकतो आणि तेवढ्यात लहर साधारण १० किलोमीटर जाते. टॉवर तुमच्यापासून अर्ध्या किलोमीटरवर असेल तर त्याच्या-तुमच्यामध्ये एक अख्खा सिम्बॉल कधीच मावत नाही. त्याचे तोंड फोनमध्ये शिरते तेव्हा बहुतेक सगळा सिम्बॉल टॉवरमधून निघायचाच असतो. आणि अशा एका सिम्बॉलमध्ये २६,२०८ बिट असू शकतात. व्हॉयेजरला तेवढे बिट पाठवायला पावणेतीन मिनिटे लागतील.

हे दोन्ही एकाच विद्येचे प्रकार आहेत. तिला मोड्युलेशन म्हणतात. नुसती रेडिओलहर काहीच सांगत नाही. ती ठरलेल्या वेगाने वरखाली होत राहते, बस्स. काही सांगायचे तर तिच्यात बदल करावा लागतो. तिची उंची बदला, कंपनसंख्या बदला, किंवा तिची फेज, म्हणजे तिच्या वरखाली होण्याची वेळ थोडी पुढेमागे सरकवा. रेडिओवर गाणी ऐकवणारे हेच बदल सलग, आवाजाबरहुकूम होत असत. डिजिटल मोड्युलेशनमध्ये आधी मोजक्या स्थिती ठरवून घेतात आणि लहर त्यांपैकी कुठल्या स्थितीत आली, एवढेच ओळखायचे असते.

व्हॉयेजरजवळ अशा दोनच स्थिती आहेत. मुख्य लहरीवर स्वार झालेल्या एका उपलहरीची फेज सुलटी किंवा उलटी. कंजूषपणा वाटेल, पण या अंतरावर तोच शहाणपणा आहे. यानाचा ट्रान्समीटर २३ वॅटचा, म्हणजे घरातल्या एखाद्या ट्यूबलाइटएवढा. पृथ्वीवरच्या ७० मीटर व्यासाच्या तबकडीत त्यातले किती उतरते, हे मी कागदावर मांडून पाहिले. एका वॅटचे अब्ज भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा अब्ज भाग करा, आणि त्यातल्या एकाचा अर्धा घ्या. साधारण तेवढेच. प्रकाशकणांच्या भाषेत बोलायचे तर एका बिटमागे काही शे फोटॉन. एवढ्याशा ऐवजातून सुलटे की उलटे हे ठरवायचे आणि तेही दिवसचे दिवस, फारशी चूक न करता. माझ्या मते माणसाने केलेल्या सगळ्या मोजमापांत हे फार वरच्या दर्जाचे काम आहे, आणि त्याची दखल पुरेशी घेतली जात नाही.

अडथळा अंतराचा नाही, खरे म्हणजे गोंगाटाचा आहे. ज्या वस्तूला तापमान आहे ती वस्तू रेडिओ-गोंगाट करते. जॉन्सन आणि नायक्विस्ट या बेल लॅबोरेटरीजमधल्या दोघांनी १९२८ साली त्याचा नियम मांडला. खोलीच्या तापमानाला दर हर्ट्झमागे जो गोंगाट मिळतो, त्याला कुठलेही सर्किट चुकवू शकत नाही. तो टाळायचा तर उपकरण गार करायचे. म्हणून व्हॉयेजरचे ऐकणाऱ्या तबकड्यांचे पहिले ॲम्प्लिफायर उणे २५० अंश सेल्सिअसच्याही खाली ठेवलेले असतात. दुसरा उपाय म्हणजे कमी हर्ट्झ ऐकायचे. खिडकी अरुंद केली की गोंगाटही कमी शिरतो, पण मग त्या खिडकीतून माहितीही कमी येते.

याचा एक दाखला आपल्या नारायणगावजवळ घडला. खोडदच्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपमध्ये ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय अवकाश संस्थेचे स्कियापरेल्ली यान मंगळावर उतरत होते. त्याचा छोटा ट्रान्समीटर मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांशी बोलण्यासाठी होता, पृथ्वीसाठी नव्हताच. तरी साडेसतरा कोटी किलोमीटरवरून ती लहर खोडदला पकडली गेली. तिच्यावर लादलेली माहिती वाचता येण्याजोगी नव्हती, कारण माहिती लादली की ऊर्जा हजारो हर्ट्झवर पसरते आणि गोंगाटात बुडते. पण मधली मूळ वाहक लहर अरुंद असते, ती काही हर्ट्झच्या फटीतून शोधता येते. तिची कंपनसंख्या किती सरकते यावरून यानाचा वेग कसा कमी होतो आहे हे कळत होते. मग उतरण्याच्या ठरल्या वेळेआधीच ती थांबली. यान आदळून नष्ट झाले होते. शब्द एकही न वाचता, नुसत्या लहरीच्या असण्या-नसण्यातून जुन्नर तालुक्यात बसून मंगळावरचे वर्तमान कळले.

आता उलट्या टोकाला येऊ. टॉवर जवळ आहे, शक्ती पुरेशी आहे, टंचाई आहे ती पट्ट्याची. मग एकाच सिम्बॉलमध्ये जास्तीत जास्त बिट कोंबायचे. त्यासाठी लहरीची उंची आणि फेज दोन्ही एकदम बदलतात. प्रत्येक जोडी कागदावर एका ठिपक्याने दाखवली की समोर ठिपक्यांच्या रांगोळीसारखी जाळी उभी राहते. चार ठिपके असतील तर प्रत्येक ठिपका दोन बिट सांगतो. १६ ठिपक्यांत चार, ६४मध्ये सहा, २५६मध्ये आठ. इंजिनिअर याला क्वॉम म्हणतात. वाय-फाय ५ने २५६ ठिपके वापरले, वाय-फाय ६ने १,०२४ आणि वाय-फाय ७ने ४,०९६. उभे ६४, आडवे ६४. एका ठिपक्यात बारा बिट.

गोंगाट म्हणजे या रांगोळीवरून सुटलेला वारा. ठिपके थोडे विस्कटतात. दोन ठिपके एकमेकांत मिसळले की चूक झालीच. ४,०९६ ठिपक्यांच्या जाळीत कोपऱ्यातल्या ठिपक्याची फेज ०.९ अंश सरकली, तरी तो शेजाऱ्याच्या हद्दीत जातो. ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ६ सेंटिमीटर, तिचा ०.९ अंश म्हणजे ०.१५ मिलिमीटर, एका जाडसर कागदाएवढा. घरातला राउटर भिंतींवरून आपटून आलेल्या लहरींमधून कागदाच्या जाडीएवढा फरक ओळखतो, तोही सेकंदाला लाखो वेळा. हा राउटर काही हजार रुपयांना मिळतो, यावर विश्वास ठेवणे मला अजून जड जाते.

या दाटीची किंमत मात्र भयंकर आहे. ठिपक्यांमधले अंतर तेवढेच ठेवून दोन ठिपक्यांवरून ४,०९६वर जायचे तर बिट बारापट होतात आणि सरासरी ऊर्जा २,७३० पट लागते. शेवटची पायरी सर्वांत महाग. १,०२४वरून ४,०९६वर जाताना दहाचे बारा बिट होतात, म्हणजे वीस टक्के फायदा. ऊर्जा मात्र चौपट.

या चढाला शेवट आहे आणि तो १९४८ सालीच कळला होता. क्लॉड शॅनन या ३२ वर्षांच्या गणितज्ञाने बेल लॅबोरेटरीजच्या नियतकालिकात दाखवून दिले, की पट्ट्याची रुंदी आणि गोंगाटाच्या तुलनेत संदेशाची शक्ती एवढे दोनच आकडे माहीत असले, की बिनचूक पाठवता येणाऱ्या माहितीची कमाल मर्यादा सांगता येते. संदेश गोंगाटाच्या हजारपट असेल तर दर हर्ट्झमागे सेकंदाला सुमारे १० बिट. दहा लाखपट असेल तर? फक्त २०. शक्ती आणखी हजारपट वाढवून हाती दुप्पट लागते. त्या मर्यादेजवळ कसे पोहोचायचे हे शॅनन यांनी सांगितले नव्हते. रॉबर्ट गॅलागर यांनी १९६०च्या सुमारास त्याचा एक रस्ता, एलडीपीसी नावाची चूकदुरुस्तीची रीत, शोधलाही. पण तेव्हाच्या यंत्रांना तो हिशोब झेपत नव्हता आणि ती तीसेक वर्षे अडगळीत पडली. आज फाइव्ह-जीवर वापरकर्त्यांची माहिती याच रीतीने येते. मर्यादेपासून आपण आता फार दूर नाही. म्हणून ठिपके वाढवण्याच्या रस्त्यावर यापुढे मोठी लूट उरलेली नाही, असे मी ठामपणे म्हणतो.

मग फोनवर सेकंदाला कोट्यवधी बिट येतात कसे? शेजारी शेजारी हजारो लहरी पाठवून. फाइव्ह-जीच्या १०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ३,२७६ उपलहरी एकाच वेळी चालतात. प्रत्येकीवर सेकंदाला २८,००० सिम्बॉल, म्हणजे एकूण ९ कोटी १७ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्यात आठ बिट धरले तर सेकंदाला ७३ कोटी बिट. चार अँटेनांवरून चार स्वतंत्र प्रवाह धाडले तर २९३ कोटी. यातला काही भाग चूकदुरुस्तीत जातो, काही वेळ फोनला उलट बोलण्यासाठी राखलेला असतो आणि उरलेले त्या टॉवरखालच्या सगळ्यांत वाटले जाते. तरीही २९३ कोटी हा आकडा भौतिकदृष्ट्या खरा आहे.

या ३,२७६ लहरी एकमेकींत मिसळून एकच गुंतागुंतीची लहर म्हणून येतात. ती फोनला सोडवावी लागते, सेकंदाला २८,००० वेळा. सरळ रीतीने ४,०९६ नमुन्यांच्या एका सोडवणुकीला १ कोटी ६८ लाख गुणाकार लागतात, सेकंदाला ४७ हजार कोटी. खिशातल्या बॅटरीवर ते जमले नसते. १९६५ साली कूली आणि ट्यूकी यांनी मांडलेल्या एफएफटी या युक्तीने तेच काम २४,५७६ गुणाकारांत होते, म्हणजे जवळपास सातशेपट कमी कष्टांत. मला विचाराल तर मोबाइल क्रांतीचे श्रेय टॉवरपेक्षा या एका गणिती युक्तीला अधिक आहे.

इतकी यातायात कशासाठी, याचे उत्तर रेडिओलहरींच्या पट्ट्यांच्या लिलावात आहे. २०२२च्या लिलावात देशभर ५१,२३६ मेगाहर्ट्झ विकले गेले, १ लाख ५० हजार १७३ कोटी रुपयांना. सगळी परिमंडळे आणि सगळे पट्टे एकत्र धरून ढोबळ भागाकार केला तर २० वर्षांच्या वापरासाठी दर हर्ट्झला सुमारे २९ रुपये. स्वस्त आणि महाग पट्टे यात एकत्र आले आहेत, तरी अदृश्य लहरीच्या एकेका कंपनाला दाम असतो हे यातून कळते. त्याच हर्ट्झमध्ये दोनऐवजी आठ बिट बसले तर कंपनीला एकेक बिट चौपट स्वस्त पडतो.

ठिपके किती, हे कुणी कायमचे ठरवत नाही. फोन पुन्हा पुन्हा टॉवरला ० ते १५मधला एक अंक कळवतो, आत्ता किती स्वच्छ ऐकू येते याचा. त्यावरून टॉवर ठिपके वाढवतो किंवा कमी करतो. लिफ्टमध्ये शिरलात की जाळी विरळ होते, गच्चीवर गेलात की दाट. घरातला वाय-फायही हेच करतो. खोक्यावर छापलेला ४,०९६चा आकडा राउटरच्या खोलीत, नजरेच्या टप्प्यात खरा असतो. दोन भिंतींपलीकडे तोच राउटर ६४ किंवा १६ ठिपक्यांवर उतरतो. तेव्हा नवा, महागडा राउटर घेण्याआधी जुना टीव्हीच्या कपाटातून बाहेर काढा, घराच्या मध्यावर उंच आणि मोकळ्या जागी ठेवा. त्याला जास्त ठिपके लगेच मिळतील.