पहिल्या वर्षी उभी राहते, दुसऱ्या वर्षी जिंकते, तिसऱ्या वर्षी फुटते : मोरिन्होच्या टीमचं असं का होतं?

9 मार्च 2004. मँचेस्टरचं ओल्ड ट्रॅफर्ड स्टेडियम. चॅम्पियन्स लीगची बाद फेरी सुरू होती. मँचेस्टर युनायटेड 1-0 ने पुढे होतं आणि स्कोअर तसाच राहिला असता तर पोर्तो नावाच्या पोर्तुगीज क्लबचा गाशा तिथेच गुंडाळला गेला असता. 90 व्या मिनिटाला पोर्तोला फ्री किक मिळाली. युनायटेडच्या गोलकीपरने बॉल अडवला, पण तो त्याच्या हातात राहिला नाही. कोस्टिन्हाने तो जाळ्यात ढकलला.

पुढच्या क्षणाला गडद ओव्हरकोट घातलेला एक माणूस टचलाइनवरून धावत सुटला. 41 वर्षांचा हा माणूस पोर्तोचा मॅनेजर होता. नाव जोझे मोरिन्हो. अडीच महिन्यांनी त्याच पोर्तोने चॅम्पियन्स लीग जिंकली आणि युरोपातले श्रीमंत क्लब मोरिन्होच्या दारात रांग लावून उभे राहिले.

तिथून पुढे चेल्सी, इंटर मिलान, रियाल माद्रिद, मँचेस्टर युनायटेड, टॉटनहॅम, रोमा, फेनरबाहचे असा त्याचा प्रवास झाला. या प्रवासात एक पॅटर्न मात्र सतत दिसत राहतो. मोरिन्हो येतो, टीम बांधतो, जिंकून देतो आणि तिसऱ्या वर्षाच्या आसपास सगळं फिसकटतं. एकदा झालं तर योगायोग म्हणता येईल. पण माद्रिद, लंडन, मँचेस्टर आणि रोम अशा चार शहरांत तेच झालं. असं का होतं, हे समजून घ्यायचं तर सुरुवातीपासून सुरुवात करावी लागेल.

मोठा खेळाडू नसलेला माणूस मॅनेजर कसा झाला?

मोरिन्होचा जन्म 26 जानेवारी 1963 चा, पोर्तुगालमधल्या सेतुबल या बंदराच्या शहरातला. वडील व्यावसायिक फुटबॉलर, गोलकीपर. पोर्तुगालच्या राष्ट्रीय संघाकडूनही ते एक मॅच खेळले होते. पुढे ते प्रशिक्षक झाले तेव्हा पोरगा प्रतिस्पर्धी टीमच्या मॅच बघून त्यांच्यासाठी टिपणं काढायचा. कोण कुठे उभा राहतो, कोण दमतो, कॉर्नर कसा घेतात, असं सगळं त्यात असायचं.

स्वतः खेळाडू म्हणून तो काही फार पुढे गेला नाही. आईची इच्छा होती की त्याने बिझनेसचं शिक्षण घ्यावं. तो पहिल्याच दिवशी तिथून बाहेर पडला आणि लिस्बनला शारीरिक शिक्षणाचा कोर्स करायला गेला. नंतर काही वर्षं त्याने शाळेत पीटी शिकवलं.

त्याला खरा ब्रेक मिळाला तो इंग्रजीमुळे. 1992 मध्ये इंग्लंडचे माजी मॅनेजर बॉबी रॉबसन लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबमध्ये आले. त्यांना पोर्तुगीज येत नव्हतं, म्हणून मोरिन्होला दुभाषा म्हणून घेतलं गेलं. पण हा दुभाषा शब्दाला शब्द लावून गप्प बसणारा नव्हता. तो रॉबसन यांच्याशी डावपेचांवर बोलायला लागला, प्रतिस्पर्ध्यांवर रिपोर्ट बनवायला लागला. रॉबसन पोर्तोला गेले तेव्हा त्याला घेऊन गेले आणि 1996 मध्ये बार्सिलोनालाही घेऊन गेले. वर्षभराने रॉबसन यांच्या जागी लुई व्हॅन गाल आले. त्यांनीही मोरिन्होला ठेवून घेतलं.

2000 मध्ये मोरिन्हो स्वतंत्रपणे मॅनेजर झाला, तो बेनफिका या लिस्बनमधल्या क्लबचा. पण काही आठवड्यांतच क्लबच्या निवडणुकीत नवा अध्यक्ष निवडून आला आणि मोरिन्होने राजीनामा दिला. मग लेइरिया हा छोटा क्लब आणि जानेवारी 2002 मध्ये पोर्तो.

त्याच्याकडे असं काय होतं?

पहिली गोष्ट म्हणजे सराव. पोर्तो विद्यापीठातले प्राध्यापक व्हिटोर फ्राद यांनी सरावाची एक पद्धत मांडली होती. फिटनेस वेगळा, डावपेच वेगळे आणि बॉलचा सराव वेगळा असं करायचंच नाही, हे तिचं सूत्र. मैदानाला नुसत्या फेऱ्या मारून मॅचची तयारी होत नाही. त्यामुळे प्रत्येक व्यायाम बॉलसोबत आणि रविवारच्या मॅचमध्ये जे करायचंय तेच डोळ्यासमोर ठेवून करायचा. मोरिन्होने ही पद्धत उचलली आणि जगभर पोचवली.

दुसरी गोष्ट म्हणजे खेळातला एक विशिष्ट क्षण. बहुतेक जण फुटबॉलकडे हल्ला आणि बचाव असं बघतात. मोरिन्होचं सगळं लक्ष या दोन्हींच्या मधल्या काही सेकंदांवर होतं. बॉल हातून गेला किंवा आपल्याकडे आला की दोन्ही टीम क्षणभर विस्कळीत असतात. त्या क्षणी आपल्या अकराही जणांना काय करायचं हे पाठ असेल, तर समोरच्याकडे चांगले खेळाडू असूनही आपण जिंकू शकतो.

तिसरी गोष्ट त्याचं तोंड. पोर्तोने चॅम्पियन्स लीग जिंकल्यावर 2004 च्या उन्हाळ्यात तो चेल्सीला गेला आणि पहिल्याच पत्रकार परिषदेत आपण कोणीतरी खास असल्याचं सांगून मोकळा झाला. इंग्लिश पेपरांना महिनाभर पुरेल एवढा मसाला मिळाला. पण यात हिशोब होता. सगळे मोरिन्होवर बोलत होते, त्यामुळे खेळाडूंवर कोणी बोलत नव्हतं. दबाव तो स्वतःच्या अंगावर घ्यायचा.

आता आकडे बघा. 2004-05 मध्ये चेल्सी 50 वर्षांनी इंग्लंडचा चॅम्पियन झाला. 38 मॅचमध्ये 95 गुण मिळवले आणि गोल खाल्ले फक्त 15. एका सीझनमध्ये सर्वात कमी गोल खाण्याचा प्रीमियर लीगमधला हा विक्रम पुढच्या 20 वर्षांतही कोणाला मोडता आला नाही. फेब्रुवारी 2002 ते एप्रिल 2011 या नऊ वर्षांत पोर्तो, चेल्सी, इंटर आणि रियाल अशा चार क्लबांसोबत मिळून तो घरच्या मैदानावर सलग 150 लीग मॅच हरला नाही.

2010 : जेव्हा सगळं जुळून आलं

मोरिन्होची पद्धत एकाच मॅचमध्ये समजून घ्यायची असेल तर 28 एप्रिल 2010 ची मॅच बघावी. चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल, बार्सिलोना विरुद्ध इंटर मिलान. पहिली मॅच इंटरने मिलानमध्ये 3-1 ने जिंकली होती. आता बार्सिलोनाच्या मैदानावर मेस्सीच्या टीमसमोर टिकायचं होतं. 28 व्या मिनिटाला इंटरच्या थियागो मोट्टाला रेड कार्ड मिळालं. उरलेला तासभर दहा जणांनी खेळायचं होतं.

इंटरने मग बॉलचा नादच सोडला. सगळे मागे आले. सॅम्युएल एटो हा त्या काळातला जगातल्या सर्वोत्तम स्ट्रायकर्सपैकी एक. गोल करणं हे त्याचं काम. तो त्या रात्री डिफेंडरसारखा आपल्या गोलपोस्टजवळ खेळत होता. इंटर मॅच 0-1 ने हरला, पण दोन मॅच मिळून 3-2 ने फायनलमध्ये गेला. तिथे समोर बायर्न म्युनिक होतं आणि त्यांचे मॅनेजर होते लुई व्हॅन गाल, मोरिन्होचे बार्सिलोनातले जुने बॉस. इंटर 2-0 ने जिंकलं. लीग, इटालियन कप आणि चॅम्पियन्स लीग एकाच सीझनमध्ये जिंकणारा तो पहिला इटालियन क्लब ठरला.

एटोसारखा स्टार हे का करतो? कारण मोरिन्होने ड्रेसिंग रूमला पटवून दिलेलं असतं की बाहेर सगळं जग आपल्या विरोधात आहे. रेफ्री, मीडिया, मोठे क्लब, सगळेच. एकदा आपण वेढ्यात सापडलोय असं वाटलं की माणूस मानपान विसरतो आणि शेजारच्यासाठी जीव तोडून खेळतो. ही भावना हेच मोरिन्होचं सर्वात मोठं हत्यार.

फायनलनंतर लगेच तो रियालला निघाला. स्टेडियमबाहेर त्याने इंटरच्या मार्को मातेराझ्झीला मिठी मारली आणि दोघंही रडले. इंटरमध्ये तो फक्त दोन वर्षं होता. तिसरं वर्ष आलंच नाही. पोर्तोही त्याने असंच शिखरावर असताना सोडलं होतं.

मग तिसऱ्या वर्षी काय होतं?

शत्रू बाहेर असतो तोपर्यंत वेढ्याची ही भावना टीमला जोडून ठेवते. पण कायम लढाईच्या पवित्र्यात राहून माणसं थकतात. आणि ज्याला सतत शत्रू लागतो त्याला बाहेरचा कमी पडला की तो घरातच सापडतो.

रियालमध्ये दुसऱ्या वर्षी, म्हणजे 2011-12 मध्ये, मोरिन्होच्या टीमने 100 गुण आणि 121 गोल करून स्पॅनिश लीग जिंकली. त्याची टीम फक्त बचाव करते असं म्हणणाऱ्यांसाठी हे उत्तर होतं. पण तिसऱ्या वर्षी त्याने कॅप्टन आणि गोलकीपर इकेर कासियासला बाहेर बसवलं. कासियास म्हणजे माद्रिदमधला घरचा पोरगा, वर्ल्डकप जिंकलेला कॅप्टन. ड्रेसिंग रूममध्ये गट पडले. लीग हातची गेली, कपची फायनल शहरातल्याच अ‍ॅटलेटिकोविरुद्ध हरले आणि मोरिन्हो बाहेर पडला.

2013 मध्ये तो चेल्सीला परत आला आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा लीग जिंकली. तिसऱ्या वर्षीच्या पहिल्याच मॅचमध्ये जखमी खेळाडूवर उपचार करायला मैदानात धावलेल्या क्लबच्या डॉक्टर इव्हा कार्नेरो यांच्यावर त्याने जाहीर टीका केली. त्या आपलं काम करत होत्या. प्रकरण कोर्टात गेलं आणि पुढच्या वर्षी चेल्सीने त्यांची बिनशर्त माफी मागितली. तोवर डिसेंबर 2015 मध्ये मोरिन्होला काढून टाकलं होतं. गतविजेता चेल्सी 16 पैकी 9 मॅच हरून 16 व्या नंबरवर होता.

मँचेस्टर युनायटेडमध्ये पहिल्या वर्षी युरोपा लीग जिंकली, दुसऱ्या वर्षी लीगमध्ये दुसरा नंबर आला. तिसऱ्या वर्षी स्टार मिडफिल्डर पॉल पोग्बाशी बिनसलं आणि डिसेंबर 2018 मध्ये क्लबने निरोप दिला. रोमात पहिल्याच वर्षी कॉन्फरन्स लीग जिंकून दिली, तिथले चाहते त्याला डोक्यावर घेऊन नाचले. तिसऱ्या सीझनच्या मध्यावर, जानेवारी 2024 मध्ये, तिथूनही काढलं.

एक अपवाद नोंदवायला हवा. चेल्सीतल्या पहिल्या कारकिर्दीत तिसऱ्या वर्षी टीम कोसळली नव्हती, उलट दोन कप जिंकली होती. तिथे बिनसलं ते मालक रोमन अब्रामोविच यांच्याशी. खेळाडू शेवटपर्यंत मोरिन्होच्या बाजूने होते. म्हणजे तिसरं वर्ष हा काही शाप नाही. भांडण ड्रेसिंग रूमच्या आत शिरलं की टीम फुटते.

फक्त स्वभावाचाच दोष आहे का?

नाही. खेळही बदलला. पेप गार्डिओला आणि युर्गन क्लॉप यांच्या टीम बॉल गमावला की मागे पळायच्या नाहीत, तिथल्या तिथे तो परत मिळवायला धावायच्या. ज्या काही सेकंदांवर मोरिन्होने साम्राज्य उभं केलं, त्याच सेकंदांसाठी आता सगळ्यांनी तयारी केली. मोरिन्होचं हत्यार जुनं झालं नाही, पण ते आता एकट्याकडे राहिलं नाही.

याचा परिणामही दिसतो. आता तिसऱ्या वर्षाची वाटही बघावी लागत नाही. टॉटनहॅमने त्याला 17 महिन्यांत काढलं, तेही लीग कपच्या फायनलला सहा दिवस बाकी असताना. तुर्कीच्या फेनरबाहचेने ऑगस्ट 2025 मध्ये, सव्वा वर्षातच, काढलं. दोन्हीकडे एकही ट्रॉफी मिळाली नाही.

तरी मोरिन्होने जे दिलं ते कमी नाही. चॅम्पियन्स लीग, युरोपा लीग आणि कॉन्फरन्स लीग या युरोपच्या तिन्ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला मॅनेजर आहे. मोठा खेळाडू नसलेला माणूसही मोठा मॅनेजर होऊ शकतो, यावर क्लबांचा विश्वास बसला त्यात त्याचा मोठा वाटा आहे. त्याच्याच हाताखाली तयार झालेला आंद्रे व्हिलास-बोआस कधी व्यावसायिक फुटबॉल खेळला नव्हता. त्याने 2011 मध्ये पोर्तोला लीग आणि युरोपा लीग जिंकून दिली, आणि 2024 मध्ये तो त्याच क्लबचा अध्यक्ष झाला.

फेनरबाहचेला चॅम्पियन्स लीगबाहेर काढलं होतं ते बेनफिकाने. त्यानंतर काही आठवड्यांतच, सप्टेंबर 2025 मध्ये, बेनफिकानेच मोरिन्होला मॅनेजर केलं. ज्या क्लबने 2000 मध्ये पहिली संधी दिली होती, तिथेच तो 25 वर्षांनी परतला.

यापुढे मोरिन्होची टीम बघताना स्कोअरबोर्डसोबत त्याची पत्रकार परिषदही ऐका. तो रेफ्रीवर, लीगवर, समोरच्या मॅनेजरवर तोंडसुख घेत असेल तर समजा की टीम ठीक आहे. ज्या दिवशी तो स्वतःच्या खेळाडूंची नावं घ्यायला लागेल, त्या दिवसापासून दिवस मोजायला सुरुवात करा.