होल्याच्या शिकारीचं लायसन्स कुठं मिळतं? भंडाऱ्यातच काय, देशात कुठंच नाही

धान निघालं की भंडारा जिल्ह्यातल्या बांध्या रिकाम्या होतात आणि सांडलेले दाणे टिपायला होल्यांचे थवे उतरतात. त्याच दिवसांत मोबाईलवर अमेरिकेतली एखादी रील येते. चार मित्र, चार बंदुका आणि गाडीच्या बोनेटवर मांडलेले होले. खाली कमेंटमध्ये कुणीतरी विचारतं, "आपल्याकडं याचं लायसन्स कसं काढायचं?"

उत्तर सोपं आहे. असं लायसन्स भारतात मिळतच नाही.

मग अमेरिकेत कसं चालतं?

तिथं केंद्र सरकार दरवर्षी होल्याच्या शिकारीचा हंगाम आणि एका दिवसात किती पक्षी मारायचे याची मर्यादा ठरवतं. लायसन्स राज्य सरकार देतं. बऱ्याच राज्यांत १ सप्टेंबरला हंगाम सुरू होतो. ती रील तिथं कायदेशीर असू शकते. पण तीच गोष्ट इथं केली तर थेट गुन्हा ठरते.

आपल्याकडं कधीच लायसन्स नव्हतं का?

होतं. इंग्रजांच्या काळात १९१२ चा कायदा शिकारीसाठी बंद हंगाम ठरवायचा. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ साली आला, तेव्हाही शिकारीची लायसन्सं सुरू होती. मोठ्या शिकारीचं वेगळं आणि छोट्या शिकारीचं वेगळं. १९९१ च्या दुरुस्तीनं हा प्रकार मोडीत निघाला. त्यामुळं आजोबांकडं असं लायसन्स होतं ही गोष्ट खरी असू शकते, पण नातवाला त्याचा काही उपयोग नाही.

होले आधी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत होते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूच्या नव्यानं मांडल्या गेल्या. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि होले दुसऱ्या अनुसूचीत आले. ठिपकेवाला होला असो की छोटा तपकिरी होला, मारायला बंदीच आहे. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियल हासुद्धा याच कबुतरांच्या कुळातला.

"माझ्याकडं बंदुकीचं लायसन्स आहे की!"

सगळ्यात मोठा घोळ इथंच होतो. शस्त्राचा परवाना म्हणजे ते शस्त्र जवळ बाळगायची परवानगी. त्यानं कुणाला मारायचा हक्क मिळत नाही. कमी ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही, म्हणून तिनं पक्षी मारले तर चालतं असंही नाही. कायदा हत्यार कोणतं हे बघत नाही. बंदूक, एअरगन, गलोल, जाळं, फास, विष, सगळं शिकारीतच मोजलं जातं.

शिवाय शिकार म्हणजे फक्त जीव घेणं नव्हे. पक्षी पकडणं, त्याला जखमी करणं, आमिष लावणं, त्याचं घरटं किंवा अंडी विस्कटणं आणि यातलं काही करायचा नुसता प्रयत्न करणं, हे सगळं कायद्याच्या व्याख्येत शिकार आहे. नेम चुकला तरी सुटका नाही.

शिक्षा किती?

होल्याच्या शिकारीसाठी ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाची ही मर्यादा आधी २५ हजार होती. वापरलेलं हत्यार आणि गाडी जप्त होऊ शकते. मांस जवळ सापडलं तरी गुन्हा दाखल होऊ शकतो.

भंडाऱ्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. जिल्ह्यात कोका अभयारण्य आहे आणि ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. पवनीकडं उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य येतं. अभयारण्याच्या हद्दीत शिकार केली तर शिक्षा कमीत कमी ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ७ वर्षं, शिवाय दंड वेगळा. मग मारलेला प्राणी वाघ होता की होला, यानं फरक पडत नाही. अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार घेऊन जायलाही मनाई आहे.

पीक खाल्लं तर?

कायद्यात वाट आहे, पण ती अरुंद आहे. दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोका ठरला, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं देऊन लेखी आदेश काढू शकतो. असा आदेश हातात नसताना स्वतःच निर्णय घेऊन गोळी झाडली तर ती शिकारच ठरते. पक्ष्यांना इजा न करता हाकलायचं तर बुजगावणं, चमकणाऱ्या पट्ट्या आणि डबा वाजवणं हे जुने उपाय आहेतच.

आणि रीलचं काय? मेलेल्या होल्यासोबत काढलेला व्हिडिओ हा लाईक मिळवण्याआधी पुरावा असतो. चेहरा, गाडीचा नंबर, जागा, सगळं आरोपीनं स्वतःच दिलेलं असतं.

असं काही दिसलं तर वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री नंबरवर कळवता येतं. आणि पुढच्या वेळी कमेंटमध्ये कुणी लायसन्सचं विचारलं, तर एका ओळीत उत्तर देता येईल: ते १९९१ मध्येच बंद झालं.