खडकबागेतली रोपे कशाने दगावतात?

खडकबाग म्हणजे शोभेसाठी रचलेले दगड आणि त्यांत लावलेली बुटकी बहुवर्षायू (एकदा लावली की वर्षानुवर्षे टिकणारी) रोपे, असे अनेकांना वाटते. ती हिवाळ्यात दगावली की दोष थंडीला दिला जातो. खरे तर खडकबाग ही मुख्यतः निचऱ्याची (पाणी झिरपून जाण्याची) व्यवस्था आहे. वसंतात फुलणारे जांभळे सॅक्सिफ्रेज आल्प्समध्ये ४००० मीटरच्याही वर तग धरते. ते ब्रिटनमधल्या सौम्य हिवाळ्यात निव्वळ गारठ्याने कसे मरेल? डोंगरावर बर्फाच्या थराखाली तापमान शून्याच्या आसपास स्थिर असते आणि रोप बरेचसे कोरडे राहते. ब्रिटनमध्ये मात्र महिनोन्‌महिने पाऊस, मधूनच गोठण. कोरड्या थंडीत माणूस घोंगडी पांघरून निभावतो, भिजल्या कपड्यांत निभावत नाही, तसेच हे. पाण्यात राहिलेला रोपाचा बुंधा कुजतो.

यावर कोणी म्हणेल, बर्फ वितळल्यावर डोंगरातही पाणी मुबलकच असते. असते, पण ते वाढीच्या दिवसांत येते आणि दगडगोट्यांतून वाहून जाते, साचत नाही. म्हणून माती, पानांचे कुजखत आणि भरड खडी समभाग घ्यावी. बारीक वाळू टाळावी, कारण ती मातीतल्या पोकळ्या बुजवते. बुंध्याभोवती दोन-तीन सेंटिमीटर खडी पसरावी. दगड अर्धे पुरावेत: उन्हाळ्यात मुळे त्यांच्याखालच्या गारव्याकडे वळतात.