संकेतस्थळ आणि मंडप : सॉल्ट लेकचा दृष्टान्त

लेखक किंवा संशोधक स्वतःचे संकेतस्थळ रचू लागतो, तेव्हा ते इतरांहून निराळे दिसावे आणि पाहणाऱ्याने त्यात रमून जावे, अशी त्याची साहजिक अपेक्षा असते. परंतु हे निराळेपण शोधण्यासाठी तो बहुधा इतरांचीच संकेतस्थळे न्याहाळत बसतो. या विसंगतीतून बाहेर पडण्याची एक वाट कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये दिसते.

हे उपनगर खाऱ्या पाणथळीवर भराव घालून वसवले गेले. हुगळीचा गाळ नळांवाटे आणून भराव घालण्याचे काम १९६२ साली, बिधानचंद्र राय मुख्यमंत्री असताना सुरू झाले. आराखडा युगोस्लाव्हियाचे दोब्रिवोये तोश्कोविच यांचा. उपनगराचे सेक्टर, सेक्टरांचे ब्लॉक, आणि ब्लॉकांना ए ई, बी जे, एफ डी अशी अक्षरनामे. पत्ता म्हणजे अक्षरे आणि आकडा. तरीही सारखेच रस्ते आणि सारखेच चौक पाहून नवखा माणूस गोंधळतो. रहिवासी त्याला पाण्याच्या टाकीचा क्रमांक खूण म्हणून सांगतात. व्यवस्था असली म्हणजे स्थळ स्मरणात राहतेच, असे नाही.

शरद ऋतूत याच ब्लॉकांच्या मैदानांवर दुर्गापूजेचे मंडप उभे राहतात. १९८५ साली सुरू झालेल्या 'शारद सन्मान' पुरस्कारानंतर कोलकात्यात एकाच कल्पनेवर रचलेल्या मंडपांना उत्तेजन मिळाले. बांबू, कापड, ताग, माती यांतूनच रूप घडते. प्रवेशद्वार, अंधारी वाट, एखादे वळण आणि शेवटी मूर्ती, असा प्रेक्षकाचा प्रवासच येथे रचलेला असतो. सजावटीत मूर्ती हरवली, तर मंडप फसला असेच म्हटले पाहिजे.

संकेतस्थळालाही हाच न्याय लागू आहे. त्याची मूर्ती म्हणजे लेखकाची संहिता, आणि त्याचे बांबू-कापडही त्याच्याच कामातून यावे. रवीन्द्रनाथांच्या 'पूरबी'च्या हस्तलिखितात खोडलेल्या ओळी परस्परांना जोडल्या जाऊन त्यांतून आकृती उमटल्या. या वाटेने ते चित्रकलेकडे वळले आणि १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. जादवपूर विद्यापीठाच्या 'बिचित्रा' या संकेतस्थळावर २०१३ पासून त्यांची हस्तलिखिते कोणालाही पाहता येतात. संशोधकाची टिपणे, समासातील नोंदी, दुरुस्त केलेली मुद्रिते यांतही असेच दृश्यरूप दडलेले असते.

मात्र दृष्टान्ताला मर्यादा आहे. विसर्जनानंतर मंडप उतरवला जातो. संकेतस्थळ टिकले पाहिजे. भारतीय भाषांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष गंभीर आहे. सुंदर दिसावा म्हणून मराठी मजकूर चित्ररूपात ठेवला, तर शोधयंत्रास तो सापडेलच असे नाही, आणि दृष्टिहीन वाचकाचे वाचनयंत्र तेथे अडते. अक्षरांतून चित्रकविता घडवणाऱ्या र. कृ. जोशी यांनीच संगणकासाठी 'मंगल' ही देवनागरी अक्षरमाला सिद्ध केली, ही गोष्ट येथे उद्बोधक आहे. अक्षराचे चित्र व्हावे, पण त्याचे अक्षरत्व जाऊ नये.

तात्पर्य, वर मंडपाची कल्पकता आणि खाली ब्लॉकाचा नेमका पत्ता, अशी दुहेरी रचना हवी. वाचक वाटेवर रमावा, पण दुसऱ्यांदा आला असता त्याला हवा तो लेख विनासायास सापडावा.