गिरणगावची चूल

गिरणगावचा इतिहास सांगताना आपण भोंग्यापासून सुरुवात करतो आणि संपापाशी येऊन थांबतो. पण पहिल्या पाळीला निघालेल्या कामगाराच्या डब्यात चपाती कोण घालत होते? मला हा इतिहास चुलीपासून वाचावासा वाटतो.

कोकणातून आणि घाटावरून आलेले कितीतरी गिरणी कामगार परळ-लालबागच्या चाळींत एकेकटे राहत. बायकामुले गावी. एकाच खोलीत दाटीवाटीने राहायचे, पाळीपाळीने झोपायचे आणि जेवायला जायचे खानावळीत. ही खानावळ म्हणजे पाटी लावलेले हॉटेल नव्हते. चाळीतल्याच एखाद्या खोलीत एक बाई पहाटेपासून स्वयंपाक करी. पैसे मिळायचे महिनाअखेर, गिरणीचा पगार झाल्यावर. तोवर धान्य वाण्याकडून उधारीवर, तेही चढ्या व्याजाने. अडचण वाढली की दागिना गहाण. एवढे राबूनही हिशेबात तिची शिल्लक शून्य, आणि जनगणनेत ती ‘गृहिणी’च!

हे नेमके हेरले प्रेमाताई पुरव यांनी. ताई मूळच्या गोव्याच्या. गोवा मुक्तिलढ्यात त्यांच्या पायाला गोळी लागली होती. पुढे मुंबईत कामगार चळवळीत काम करताना, संप टिकतो तो या बायकांच्या उधारीवर, हे त्यांना दिसले. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. पण तारण ठेवायला काही नसलेल्या बाईला बँकेची पायरी चढायचे धैर्य कुठून येणार? १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन झाले. बँक ऑफ बडोदाकडून पहिल्या १४ जणींना प्रत्येकी १,५०० रुपये कर्ज मिळाले. तारण एकच, बायकांनी एकमेकींना दिलेला जामीन. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या तिच्या दारात उभ्या राहणार, हे प्रत्येकीला ठाऊक होते.

मला या कर्जाच्या रकमेपेक्षा त्या कागदाचे मोल अधिक वाटते. ज्या बाईच्या नावावर खोली नव्हती, तिच्या नावाचे खाते उघडले. भाकऱ्या थापणे हा धंदा आहे, हे एका बँकेने लेखी मान्य केले.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. पगार थांबले, अनेक कामगार गावी परतले. ज्यांच्या जेवणावर खानावळी चालत, तेच गेले. केवळ कर्ज देऊन भागणार नव्हते. मंडळाने पुढे खाद्यपदार्थांच्या ऑर्डरी घेतल्या, वाशीला प्रशिक्षणाची सोय केली. प्रेमाताईंना २००२ मध्ये ‘पद्मश्री’ मिळाली. २०१८ मध्ये त्या गेल्या.

गिरण्यांच्या जागी आता टॉवर उभे आहेत. पण नोकरीवरून परतताना आपण कोपऱ्यावर पोळीभाजी घेतोच ना? ती बांधून देणाऱ्या ताईंचे बँकेत खाते आहे का, आणि व्याज त्या कुणाला भरतात, एवढे एकदा विचारून पाहा.