करपलेल्या पानांची साक्ष

1845 च्या उन्हाळ्यात बेल्जियममध्ये दिसलेला बटाट्याचा करपा सप्टेंबरात आयर्लंडला पोहोचला. पुढच्या काही वर्षांत तिथे सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि रोगराईने मेली, जवळपास तितकीच देश सोडून गेली. त्याच काळात काही अभ्यासक काळवंडलेली पाने कागदांत दाबून, वाळवून जपून ठेवत होते.

इंग्लंडमधल्या किंग्ज क्लिफला राहणारे पाद्री माइल्स बर्कली त्यांतलेच. या नासाडीचे मूळ बुरशीत आहे, असे त्यांनी 1846 मध्ये लिहिले. फार थोड्यांना ते पटले. जॉन लिंडलींसारखे मातब्बर वनस्पतिशास्त्रज्ञ दोष ओल्या हवेला देत. पान आधी सडते, बुरशी मागाहून येते, असा त्यांचा हिशेब. पाद्रीबुवांचे म्हणणे खरे ठरायला 1861 मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन द बारींचे प्रयोग व्हावे लागले. 1879 मध्ये बर्कलींचा संग्रह लंडनच्या क्यू उद्यानाकडे गेला. आज तिथे बुरशींचे साडेबारा लाखांच्या आसपास नमुने आहेत.

(हा करपा आणणारा जीव आता खरी बुरशी मानला जात नाही. त्याचे नाते तपकिरी शैवालाशी जवळचे. तरी त्याने करपवलेली पाने बुरशींच्याच संग्रहात आहेत, आणि ते बरेच आहे. दर नव्या वर्गीकरणानिशी बिऱ्हाड हलवले असते तर नमुने सापडले नसते.)

दीडशे वर्षांनी या पानांनी दुसरा वाद निकाली काढला. विसाव्या शतकात जगभर आढळणारा या जिवाचा यूएस-1 हा वाणच दुष्काळाला कारणीभूत होता, असा समज रूढ होता. 2001 मध्ये अमेरिकी संशोधक जीन रिस्टेनो आणि सहकाऱ्यांनी जुन्या पानांतला डीएनए तपासला, तो जुळेना. 2013 मध्ये क्यू आणि म्युनिक इथल्या नमुन्यांवरून एका गटाने जवळजवळ पूर्ण जनुकसंच वाचला. गुन्हेगार निराळाच निघाला, यूएस-1 चा जवळचा नातलग. त्याला एचईआरबी-1 म्हणतात. नव्या, रोगाला दाद न देणाऱ्या बटाट्यांनी त्याला मागे टाकले असावे, असा संशोधकांचा कयास आहे.

मला यात बर्कलींपेक्षा संग्रह सांभाळणाऱ्यांचे अप्रूप वाटते. डीएनए हा शब्दही नव्हता तेव्हा त्यांनी ही पाने ठेवली. आता मात्र प्रत्येक तपासणीला पानाचा तुकडा खर्ची पडतो. त्यामुळे किती द्यायचे, कुणाला द्यायचे आणि उद्याच्या अवजारांसाठी किती राखायचे, हा निर्णय प्रत्येक मागणीच्या वेळी नव्याने करावा लागतो.